कोंबड्याला मिळालं रत्न

चांथाबुरीच्या रत्नबाजारात शुक्रवार ते रविवार पाय ठेवायला जागा नसते, पण चामरियांग मावशीला शोधायला कोणाला वेळ लागत नाही. सबंध श्रीचान रस्त्यावर नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत बसलेली बाई एकच. बाकीच्या बायका जांभळे, पोपटी, फुलाफुलांचे, मनाला येतील ते सदरे घालतात. मावशीने पंचेचाळीस वर्षांत अंगाला रंग लागू दिलेला नाही, आणि ते काही वैराग्य नव्हे. जेवायला बसली की डुकराच्या मांसाचा आंबट रस्सा दोनदा मागून घेते. कारण एवढंच, की कपड्याची झाक खड्यात उतरते. लाल सदऱ्यापाशी धरलेला फिका माणिकही लालबुंद दिसतो, आणि घेणारा घरी जाऊन कपाळावर हात मारतो.

"खडा बघताना आपलं तोंड गप्प हवं, आणि कपडेही," असं ती म्हणते.

तिची जागाही ठरलेली. कॉफीच्या दुकानातली उत्तरेकडची खिडकी. सकाळी आठला पांढरी थाळी पुढ्यात येते आणि दुपारी तीनला उचलली जाते. मग हजार कोसांवरून कोणी हिऱ्यांनी भरलेलं पोतं आणलं तरी मावशी बघणार नाही. "तीननंतरचं ऊन खोटारडं," की झालं, विषय संपला. भट्टीवाले रंग खुलवण्यासाठी खडे भाजायला घालण्याआधी तिच्याकडे येतात. कुठला खडा आग सोसेल आणि कुठला आतून फुटेल, ते ती सांगते. एका शहाण्याने तिने बाजूला काढलेला निळा खडा तरीही भट्टीत घातला. तीन तुकडे घेऊन परत आला, तेव्हा मावशीने ते थाळीत ओळीने मांडले आणि विचारलं, "आता तिघांना वेगवेगळं नाव ठेवू का?"

अशी ही बाई. आमच्या गावाला तिचा अभिमान आहे, आणि तिला स्वतःचा त्याहून जास्त. आणि तरीही सारा बाजार तिला कोंबडी म्हणतो. तरणी पोरं पाठीमागे म्हणतात, म्हातारे तोंडावर म्हणतात, आणि ती दोघांनाही ओ देते.

त्याचं मूळ एका म्हणीत आहे. कोंबड्याला मिळालं रत्न. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ही म्हण ठाऊक असते. मोलाची वस्तू हाती असून ज्याला तिची किंमत कळत नाही, त्याला असं म्हणतात. सोन्यासारखी बायको सोडून बाहेर तोंड मारणाऱ्या नवऱ्याला म्हणतात, हुशार कारकुनाला चहा आणायला पाठवणाऱ्या साहेबाला म्हणतात. बँकॉकचे पंडित सांगतात, ही म्हण बाहेरदेशच्या जुन्या गोष्टीतून आली. उकिरडा उकरताना कोंबड्याला रत्न सापडलं, आणि तो म्हणाला, यापेक्षा तांदळाचा एक दाणा मिळता तर बरं झालं असतं. असेल बुवा. पंडितांशी कोण भांडणार?

पण प्लोयवेन डोंगरावरच्या माणसांना हे सांगून बघा. प्लोयवेन म्हणजे रत्नाची अंगठी, आणि मावशी त्याच डोंगरावरची. तिथली माती काळी-तांबडी, आणि पाऊस पडून गेला की उघड्या अंगणातही एखादा हिरवा-पिवळा कण चमकून जातो. कोंबड्यांना दात नसतात. दाणे दळायला त्या खडे गिळतात, आणि पोटातल्या जाड पिशवीत जन्मभर ते जातं फिरत राहतं. म्हणून डोंगरावर कोंबडी कापली की बाई आधी ती पिशवी उघडते, मग चूल पेटवते. "ही म्हण आमच्या अंगणात जन्मली," डोंगरावरचे सांगतात, "परदेशी कोंबड्याला रत्न कुठून मिळणार?"

चामरियांगची आई यूअन तर त्यापुढे जाऊन म्हणायची, "आणि म्हण केली ती बाजारातल्या माणसांनी. कोंबडी पाळणाऱ्याने केली असती तर वेगळी झाली असती." कशी वेगळी, ते तिने कधी सांगितलं नाही.

चामरियांग एकोणीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. बाप आदल्या साली गेला होता. नवीन वर्षाच्या सणाला, चैत्रातल्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, त्याच्या नावाने पान मांडायचं म्हणून आईने एक म्हातारा कोंबडा कापला. वेलदोड्याच्या कोवळ्या कोंबांत तो शिजत पडला, आणि आई ओट्यावर पिशवी घेऊन बसली. आत वीस-बावीस खडे होते. सगळे वाटाण्यासारखे गोल, गुळगुळीत, बिनचेहऱ्याचे. त्यात एकच वेगळा होता. बोराएवढा, मधाच्या रंगाचा, आणि एका टोकाला चोचीसारखी धारदार कड.

आईने तो ओठांना लावला. बराच वेळ तसाच धरला.

"गार आहे," ती म्हणाली. "आणि गारच राहतोय. काच असती तर एव्हाना ओठाची ऊब घेतली असती. पोरी, हा पुष्कराज आहे."

"कशावरून गं? बाटलीची काच पण अशीच दिसते."

"हे बाकीचे बघ. एवढे दगड दगड म्हणवणारे, पण कोंबड्याने पार घासून गोटी केली त्यांची. हा एकटा तसाच्या तसा आहे. कोंबड्याच्या पोटात जे झिजत नाही, ते काच नसतं. एवढं लक्षात ठेव."

दुसऱ्या शुक्रवारी चामरियांग चालत बाजारात आली. त्या काळी बाजारात वजन होतं हिआ लेंगच्या शब्दाला. हिआ म्हणजे दादा, पण लेंग कोणाचा दादा नव्हता, तो शेठ होता. चाळिशीला टेकलेला, देखणा, बोटात तीन अंगठ्या. ते दिवसही असे, की रत्नांच्या हावेने देशभरातून माणसं आमच्याकडे लोटली होती, आणि त्यांतली निम्मी काचा खपवायला आलेली. लेंगच्या पुढ्यात बँकॉकचे दोन बडे गिऱ्हाईक बसले होते. पोरीने हात पुढे केला. त्याने खडा चिमटीत धरला, एकदा उजेडाकडे नेला आणि विचारलं,

"कुठून आणलास गं?"

"कोंबड्याच्या पोटातून."

दुकान हसलं. बँकॉकवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"ऐका! डोंगरावरचे लोक आता खाणी सोडून कोंबडे खणायला लागले!"

"आई म्हणते, पुष्कराज आहे."

"आईला म्हणावं, रिकामी बाटली शोध, तुकडा बरोबर बसेल. अगं, दारूच्या बाटलीची काच आहे ही. कड बघ कशी आहे, काल-परवा फुटल्यासारखी. मातीतून आलेला खडा असा असतो होय?"

"पण शेठ, त्याच पोटातले बाकीचे सगळे गोल झालेत. आई म्हणते, कोंबड्याच्या पोटात..."

"आई म्हणते, आई म्हणते! उद्या आई म्हणेल कोंबडा राजाचा जावई आहे." आणि गिऱ्हाइकांकडे वळून त्याने हात उडवला. "बघा साहेब, पोथीतली म्हण चालत दुकानात आली. कोंबड्याला मिळालं रत्न!"

आणि न बघताच त्याने तो खडा खांद्यावरून मागे भिरकावला. कुठेतरी टुप् असा पाण्याचा आवाज झाला.

खरं तर म्हण उलटी लागली होती. जवळ रत्न असून ज्याला कळत नाही त्याला ती लावतात. ही तर कळलंय म्हणून सांगायला आली होती. पण एकदा हशा पिकला की म्हणीचा अर्थ कोण तपासत बसतो?

दुकानाच्या मागे गटार होतं. चामरियांग मागच्या गल्लीत गेली, बाह्या दुमडल्या आणि हात घातला. दुपारभर ती ते गटार चाचपत राहिली. येणारे-जाणारे थांबून बघायचे. कोणीतरी म्हणालं, "कोंबडी उकिरडा उकरतेय बघा," आणि ते नाव तिथेच चिकटलं, ते आजतागायत. खडा काही मिळाला नाही.

घरी आली तेव्हा कोपरापर्यंत काळी होती. आईने मडक्यातून पाणी काढून तिचे हात धुतले.

"गेला," चामरियांग म्हणाली.

"गेला तर गेला. पण होता पुष्कराजच."

पोरीला रडू आलं ते खड्यासाठी नव्हे. भरल्या बाजारात आईचा शब्द काच ठरला होता, आणि आता तो खरा करून दाखवायला हातात काहीच उरलं नव्हतं. ते शल्य तिच्या मनात बसलं. तेवढ्यावरून एखादी बाजाराचं तोंड बघायची नाही. ही मात्र पुढच्याच आठवड्यात लेंगच्या समोरच्या दुकानात खडे निवडायच्या कामाला लागली. जमिनीवर मांडी घालून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, रंगाचा रंगाशी, आकाराचा आकाराशी. माझ्या आईला काच आणि खडा यांतला फरक कळत नाही म्हणता काय, मग मी तो सगळ्या बाजाराला शिकवते, अशी ती खुन्नस. पाच वर्षांत मालक तिला विचारून माल घ्यायला लागला. दहा वर्षांत मालकाचे गिऱ्हाईक तिला विचारायला लागले. लेंगच्या दुकानासमोरून ती रोज दोनदा जायची, पण त्याचा उंबरा तिने ओलांडला नाही.

आई त्यानंतर बारा वर्षं जगली. बाजाराच्या दिवशी कोणीतरी हटकायचंच, "काय यूअनबाई, आज कोंबड्याने काय दिलं?" आई म्हणायची, "अंडं दिलं असतं, पण कोंबडा आहे ना तो. तुझ्यासारखाच, नुसता आरवतो." लोक हसायचे. पण घरी परतल्यावर कधी कधी ती ओट्यावर बसून स्वतःशीच बोलायची, "गार होता. मला चांगलं आठवतंय, गार होता." शेवटच्या आजारातही म्हणाली. आणि चामरियांगला तेव्हा हो म्हणण्यापलीकडे काही करता आलं नाही.

यंदा पावसाळा संपता संपता लेंगची मुलगी ओरासा डोंगरावर आली. पन्नाशीची, सालस बाई. आधी दोनदा येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा मावशीने तिला रामफळं देऊन परत पाठवलं होतं.

"मावशी, दुकान नवं करायचंय. चाळीस वर्षांचे डबे पडलेत. कशात काय आहे ते आता बाबांनाही सांगता येत नाही, हात थरथरतात त्यांचे. तुम्ही निवडून द्या."

"बाजारात डोळ्यांचा दुष्काळ पडलाय का?"

"बाबा म्हणाले, त्या कोंबडीला बोलाव, तिच्यासारखी नजर या रस्त्यावर दुसरी नाही."

मावशीला हसू फुटलं. "नाव विसरला नाही म्हणायचा म्हातारा." मग म्हणाली, "येते. मजुरी तुला वाटेल ती दे. पण मला तुझ्या बापाला एक प्रश्न विचारायचाय. त्याने समोर बसायचं आणि उत्तर द्यायचं."

एवढ्या वर्षांनी तिने तो उंबरा ओलांडला. पांढरा सदरा, पांढरी थाळी, उत्तरेची खिडकी. हिआ लेंग वेताच्या खुर्चीत बसलेला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा, अंगठ्या सैल झालेल्या, म्हणून दोऱ्याने आवळलेल्या. मावशीने त्याला हात जोडले, वयाचा मान ठेवला आणि सरळ विचारलं,

"शेठ, त्या दिवशी माझा खडा तुम्ही कुठे फेकलात?"

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "कुठला खडा?"

"मधाच्या रंगाचा. कोंबड्याच्या पोटातला."

त्याने आठवून बघितलं. खरंच मनापासून बघितलं. मग मान हलवली. "रोज पन्नास जण काचा घेऊन यायचे, बाई. कोणाकोणाची लक्षात ठेवू?"

तो घाव जुन्यापेक्षा खोल गेला. जी गोष्ट आपण पंचेचाळीस वर्षं उराशी धरली ती समोरच्याच्या खिजगणतीतही नाही! उठून जावं असं तिला वाटलं. पण हाती घेतलेलं काम ती टाकत नाही. डबे उघडले, खडे थाळीत ओतले, निवडायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. लेंगच्या खुर्चीमागे देव्हाऱ्याखाली चिनी मातीचा एक मोठा निळा कुंडा होता. त्यात पाणी, पाण्यात गारगोट्या, आणि गारगोट्यांत रोवलेला शुभाचा बांबू. दुकान काढलं तेव्हापासूनचा. रंगकाम करणारे येणार म्हणून ओरासाने तो पुढच्या पायरीवर नेला आणि गारगोट्या परातीत ओतून धुवायला घेतल्या. हात फिरवता फिरवता ती म्हणाली, "वर्षानुवर्षं पाणी बदलतेय, पण कुंडा असा रिकामा कधी केलाच नव्हता. तळाला किती गाळ!"

पाण्याचा आवाज ऐकून मावशीची बोटं थांबली. तिने खुर्चीकडे बघितलं, मग खुर्चीमागच्या रिकाम्या जागेकडे. खांद्यावरून मागे. टुप्. आणि आपण गटारात हात घालून बसलो होतो!

ती उठून पायरीवर आली आणि परातीपुढे उकिडवी बसली. ऊन नऊचं, खरं बोलणारं. ओल्या, करड्या, गोल अशा दोनशे गारगोट्या असतील. तिला शोधावं लागलं नाही. मधाचा एक थेंब, आणि त्याच्या टोकाला चोच.

तिने तो उचलला, सदऱ्याला पुसला आणि ओठांना लावला. ओरासा विचारायला गेली, "मावशी, काय..." आणि मावशीचा चेहरा बघून तिथेच थांबली. रस्त्यावर टेबलं मांडून बसलेली खड्यांची माणसंही बघायला लागली, कारण कोंबडी मावशीने सकाळच्या वेळी थाळी सोडून उठणं ही बाजारात न घडणारी गोष्ट होती.

मावशी आत गेली. लेंगपुढे काचेचं लांब कपाट होतं, नवंकोरं, आठ दिवसांपूर्वी बसवलेलं.

"शेठ, तुम्ही म्हणाला होतात ही दारूच्या बाटलीची काच आहे. काचेवर ओढून बघू?"

म्हाताऱ्याने खड्याकडे बघितलं आणि नुसती मान डोलावली. मावशीने चोच टेकवली आणि कपाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली. कर्रर्र आवाजाने लोकांच्या अंगावर काटा आला. काचेवर पांढरीफेक, सरळ रेघ उमटली. खड्याची कड होती तशीच होती.

लेंगने हात पुढे केला. मावशीने खडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने चष्मा काढला, भिंग डोळ्याला लावलं, आणि बराच वेळ तो त्या मधाच्या थेंबात बघत राहिला. हात थकले असतील, पण नजर जातीच्या जवाहिऱ्याची होती. दारात आता वीस-पंचवीस माणसं उभी होती.

"भट्टी लागलेली नाही," तो हळूच म्हणाला. "आपल्या डोंगराचा. असा रंग आता निघत नाही." मग भिंग खाली ठेवलं. "ब्रह्मदेशात गेलो मी खड्यांसाठी. आफ्रिकेत गेलो, तापाने मरता मरता वाचलो. आणि हा माझ्या पाठीमागे देवापुढे पाण्यात बसलेला!"

आमच्याकडे एवढ्या वयाच्या शेठने चारचौघांत चूक कबूल करायची म्हणजे दगडाला पाझर फुटायचा. पण लेंगने ओरासाचा हात धरून उठायचा प्रयत्न केला, उभा राहिला, आणि दारातल्या गर्दीलाही ऐकू जाईल असं म्हणाला,

"बाई, आता आठवलीस तू मला. तू गटार उपसत होतीस, आणि मी वरच्या खिडकीतून गिऱ्हाइकांना दाखवत होतो. म्हण मी चुकीच्या माणसाला लावली. कोंबड्याला मिळालं रत्न. तो कोंबडा मी."

कोणी हसलं नाही. सगळे मावशीकडे बघत होते. पंचेचाळीस वर्षांचं उट्टं काढायची वेळ होती आणि तिची जीभ किती तिखट आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं?

मावशीने त्याच्या हातातून खडा घेतला.

"नाही हो शेठ," ती म्हणाली. "कोंबड्याचा अपमान कशाला करता? अख्ख्या डोंगरावर खडी पसरली होती. त्यातून त्याने हा एक बरोबर उचलला, आणि मरेपर्यंत पोटात जपला. त्याला कळलं होतं."

आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की कोंबडी पाळणाऱ्याने केली असती तर म्हण कशी झाली असती, याचं आईच्या मनातलं उत्तर हेच असणार.

लेंगने हात जोडले. वयाने वीस वर्षांनी धाकट्या बाईला त्याने स्वतःहून हात जोडले, हे बाजाराने बघितलं. "खडा तुझाच आहे," तो म्हणाला. "होताच," मावशी म्हणाली, आणि थाळीपाशी जाऊन बसली, कारण तीन वाजायला अजून अवकाश होता आणि दोन डबे निवडायचे राहिले होते.

ओरासाने कपाटाची काच बदललेली नाही. विचारलं तर म्हणते, राहू दे, दुकानाला शोभते. मावशी तो खडा कापायला द्यायला तयार नाही, विकायला तर नाहीच. चांगले चांगले येऊन हात हलवत गेले.

त्या दिवशी तीन वाजता तिने थाळी उचलली आणि डोंगराखालच्या देवळात गेली. तिथल्या भिंतीत एका लहानशा कोनाड्यात यूअनच्या अस्थी आहेत, वर फोटो आहे, काळपटलेला. मावशीने फोटो सदऱ्याच्या टोकाने पुसला. मग खडा काढला आणि त्याची चोच आईच्या चेहऱ्यासमोर धरली.

"आई, बघ," ती म्हणाली. "झिजला नाही."